तारेवरचे मनगट

शस्त्रक्रियेच्या रोबोचे अवजार म्हणजे बाहेरून साधी दिसणारी, सुमारे अर्धा मीटर लांबीची नळी. तिच्या एका टोकाला बोटाच्या पेराहून लहान मनगट असते आणि त्यावर चिमटा, कात्री किंवा सुई धरणारी पकड. दुसऱ्या टोकाला, रुग्णाच्या शरीराबाहेर, मोटरशी जुळणाऱ्या चकत्या असतात. मनगटात मोटर नसते. चकती फिरली की नळीतून गेलेली बारीक धातूची तार ओढली जाते आणि त्या ओढीने मनगट वळते, चिमटा मिटतो. कळसूत्री बाहुली हलते ती याच रीतीने. मात्र दोरी सैल सोडली की बाहुलीचा उचललेला हात स्वतःच्या वजनाने खाली येतो. शरीराच्या आत चिमट्याला वजनाचा असा आधार नसतो, म्हणून प्रत्येक सांध्यावर दोन्ही बाजूंनी तारेची ओढ लागते. तारेने ओढता येते, ढकलता येत नाही. ही एक मर्यादा आणि तिच्यावर काढलेले तोडगे हाच या अवजाराचा इतिहास आहे.

मानवी हाताची रचनाही अशीच आहे. बोटे वाकवणारे मुख्य स्नायू बोटांत नसून कोपर आणि मनगट यांच्या मध्ये असतात. त्यांचा जोर बोटांपर्यंत पोचवतात त्या कंडरा. वाकवणाऱ्या कंडरा तळहाताच्या बाजूने जातात, सरळ करणाऱ्या हाताच्या पाठीवरून. जाडजूड स्नायू दूर राहिल्यामुळे बोटे सडपातळ आणि चपळ राहतात. लिओनार्दो दा विंचीने सोळाव्या शतकाच्या आरंभी शवविच्छेदन करून हाताच्या कंडरांची रेखाटने केली होती. या क्षेत्रातील सर्वांत प्रसिद्ध यंत्राला पुढे त्याचेच नाव मिळाले.

यंत्रात कंडरेचे काम करू शकेल असा दोर एकोणिसाव्या शतकात तयार झाला. जर्मनीतील हार्त्स पर्वतात क्लाउसथालच्या खाणींमधून खनिज वर ओढताना तंतूंचे दोर कुजत, आणि साखळीची एक कडी तुटली की सगळा भार खाली जाई. विल्हेल्म आल्बर्ट या खाण-अधिकाऱ्याने १८३४ मध्ये लोखंडी तारांचा दोर वळला. त्यात तीन पेड होते आणि प्रत्येक पेडात चार तारा. एक तार तुटली तरी उरलेल्या अकरा भार पेलत. शस्त्रक्रियेच्या अवजारातील तार ही याच दोराची सूक्ष्म आवृत्ती आहे. एकसंध जाड तार लहान कप्पीवरून वारंवार वाकवली तर लवकर मोडते. तेवढ्याच जाडीत अनेक बारीक तारा पिळून बसवल्या तर दोर लहान कप्पीवरूनही हजारो वेळा जातो.

दोर कशावरून तरी वळला की घर्षण आलेच. त्याचा नियम लिओनार्ड ऑयलर याने अठराव्या शतकात मांडला आणि योहान आयटेलवाइन याने १८०८ मध्ये पुन्हा विस्ताराने सांगितला. खुंटाला होडी बांधणाऱ्याला तो अनुभवाने ठाऊक असतो: दोन वेढे दिले की एका हाताने होडी थोपवता येते. घर्षणांक ०.२ धरला तर अर्ध्या वेढ्यात दोराच्या दोन टोकांच्या ताणाचे गुणोत्तर सुमारे १.९ होते, पूर्ण वेढ्यात ३.५ आणि दोन वेढ्यांत १२ च्या वर जाते. ही वाढ बेरजेने होत नाही, गुणाकाराने होते. शिवाय ती खुंटाच्या जाडीवर अवलंबून नसते. दोर एकूण किती अंशांतून वळला एवढ्यावरच ठरते. खुंटाशी हे घर्षण उपकारक असते. जिथे तारेने टोकापर्यंत अचूक हालचाल न्यायची असते तिथे ते प्रत्येक वळणावर आपला वाटा कापून घेते.

हा वाटा कमी ठेवण्याचा एक मार्ग म्हणजे प्रत्येक वळणावर फिरती कप्पी बसवणे. मग तारेचा मार्ग ठरीव होतो, पण घर्षण कमी राहते. दुसरा मार्ग अर्नेस्ट मॉनिंग्टन बाऊडेन याच्या १८९६ च्या पेटंटातून आला. त्याने तार लवचीक आवरणातून नेली. सायकलच्या ब्रेकची केबल ही याच जातीची. ती कशीही वळवून नेता येते, कप्प्या लागत नाहीत. मात्र तार आवरणावर घासत जाते आणि वळण वाढेल तसे घर्षण वाढते. केबल गंजली की ब्रेकची मूठ दाबली जाते, पण सोडल्यावर परत येत नाही. कप्पीवरची तार आणि आवरणातली तार हे दोन्ही मार्ग पुढे शस्त्रक्रियेत आले, आणि आपापले दोषही बरोबर घेऊन आले.

तारांनी हाताची हालचाल दूर नेण्याचा पहिला गंभीर प्रयत्न रुग्णालयात झाला नाही, अणुप्रयोगशाळेत झाला. दुसऱ्या महायुद्धानंतर शिकागोजवळच्या आर्गॉन राष्ट्रीय प्रयोगशाळेत किरणोत्सारी पदार्थ जाड भिंतीआडून हाताळायचे होते. रेमंड गर्ट्झ आणि त्याच्या सहकाऱ्यांनी १९४० च्या दशकाच्या अखेरीस त्यासाठी जोडहात तयार केले. भिंतीच्या अलीकडे माणसाने धरायचा चालक हात, पलीकडे तशीच हालचाल करणारा अनुगामी हात, आणि दोघांच्या मध्ये नळीतून जाणाऱ्या पोलादी तारा व पट्ट्या. माणसाने मनगट वळवले की पलीकडचे मनगट वळे. त्याहून महत्त्वाचे म्हणजे पलीकडच्या चिमट्याला अडथळा लागला की तो त्याच तारांतून माणसाच्या हाताला जाणवे. तार दुहेरी काम करत होती: हालचाल नेत होती आणि स्पर्श आणत होती.

तारा फार लांब नेता येत नाहीत, म्हणून गर्ट्झने पुढे दोन हात विजेने जोडले. १९५४ मध्ये त्याने दाखवलेल्या यंत्रात दोन्ही बाजूंना मोटर होत्या. चालक हात कुठे आहे हे मोजून अनुगामी हाताला तिथे नेले जाई, आणि अनुगामी हाताला झालेला विरोध मोटरच्या जोराने चालकाच्या हातावर परत येई. तारेचा दुहेरी गुण त्याने विजेतही टिकवला. दूरस्थ शस्त्रक्रियेच्या सर्व यंत्रांची मूळ कल्पना इथे आहे.

रोबोच्या हातात तार परतली ती १९८० च्या दशकात. केनेथ सॅलिसबरी याने स्टॅनफर्ड विद्यापीठात तीन बोटांचा यांत्रिक हात रचला. प्रत्येक बोटाला तीन सांधे होते आणि तीन सांध्यांसाठी चार तारा, म्हणजे एकूण बारा तारा आणि बारा मोटर. तार फक्त ओढते, म्हणून सांध्यांच्या संख्येपेक्षा किमान एक तार जास्त लागते. ती जादा तार सर्व तारा सतत ताठ ठेवते. मोटर बोटांपासून दूर होत्या, आणि तारांचा ताण मोजून बोटाचा जोर ठरवला जाई.

सॅलिसबरी पुढे मॅसॅच्युसेट्स तंत्रज्ञान संस्थेत गेला. तिथे विल्यम टाउनसेंड याच्यासह त्याने तारांवर चालणारी एक भुजा रचली. तिच्यात एक महत्त्वाची युक्ती होती. मोटरचा वेग कमी करून जोर वाढवणारी यंत्रणा मोटरपाशी न ठेवता सांध्यापाशी ठेवली. त्यामुळे लांबची तार वेगाने पण कमी ताणाने धावते. वेग दसपट कमी होत असेल तर तारेवरचा ताण दहावा भाग होतो, आणि तार जेवढी ताणली जाते त्याचाही दहावा भागच सांध्यावर दिसतो. म्हणजे तार ताणल्याने होणारी चूक शंभर पटीने घटते. गिअरच्या दात्यांमध्ये असते तशी मोकळी फट ताठ तारेत नसल्यामुळे ही भुजा मागेपुढे सहज आणि मृदू हलत असे.

शस्त्रक्रियेत रोबो तोवर आला होता, पण गिअरच्या वाटेने. १९८५ मध्ये कॅलिफोर्नियातील लाँग बीच येथे प्यूमा ५६० या औद्योगिक भुजेचा उपयोग मेंदूतील ऊतीचा नमुना घेताना सुईची दिशा धरून ठेवण्यासाठी झाला. १९९२ मध्ये रोबोडॉक या यंत्राने खुब्याच्या कृत्रिम सांध्यासाठी मांडीच्या हाडात पोकळी कोरली. ही कामे ठरलेल्या मार्गाने जाण्याची होती, आणि मोठ्या भुजेला ती जमत होती. शरीराच्या आत मऊ ऊतींमध्ये टाके घालणे हे वेगळे काम होते.

त्या कामाची गरज दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेने निर्माण केली. १९८५ मध्ये जर्मनीत एरिक म्यूहे याने आणि १९८७ मध्ये फ्रान्समधील लियों येथे फिलिप मूरे याने पोट न उघडता, लहान छिद्रांतून पित्ताशय काढले. काही वर्षांतच ही पद्धत जगभर गेली. रुग्णाला ती सुखाची होती, शल्यविशारदाला अवघड. अवजार म्हणजे लांब सरळ काठी. पोटाच्या भिंतीतील छिद्र हा तिचा टेकू. हात उजवीकडे नेला की टोक डावीकडे जाते. काठी आतबाहेर, डावीउजवीकडे आणि वरखाली नेता येते, स्वतःभोवती फिरवता येते, आणि पकड उघडमीट करते. पण मनगट नसते. हव्या त्या कोनातून वाकडी सुई फिरवता येत नसल्यामुळे आत टाके घालणे आणि गाठ मारणे हे फार थोड्यांना साधे.

कॅलिफोर्नियातील मेन्लो पार्क येथील एसआरआय संस्थेत फिलिप ग्रीन याच्या गटाने १९८० च्या दशकाच्या अखेरीपासून दूरस्थ शस्त्रक्रियेचे यंत्र विकसित केले. युद्धभूमीवरील जखमींसाठी ते वापरता येईल या आशेने अमेरिकी लष्करानेही त्यात रस घेतला. मॅसॅच्युसेट्समध्ये सॅलिसबरीचा विद्यार्थी अखिल मधानी याने ‘ब्लॅक फाल्कन’ हे अवजार रचले. तारांवर चालणारे मनगट त्यात लहान छिद्रातून जाण्याइतके बारीक केले होते. त्याचा १९९८ चा प्रबंध या विषयातील पायाभूत लेखन मानला जातो. बोटांचा यांत्रिक हात, तारांची भुजा आणि हे मनगट ही एकाच गुरुपरंपरेतील तीन कामे आहेत.

फ्रेडरिक मोल, रॉबर्ट यंग आणि जॉन फ्रॉइंड यांनी १९९५ मध्ये इंट्यूइटिव्ह सर्जिकल ही कंपनी काढली आणि एसआरआय, आयबीएम व मॅसॅच्युसेट्स तंत्रज्ञान संस्था यांच्याकडून तंत्रज्ञानाचे परवाने घेतले. तिच्या प्रायोगिक यंत्राने मार्च १९९७ मध्ये बेल्जियममध्ये पहिली पित्ताशयाची शस्त्रक्रिया झाली. जुलै २००० मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने कंपनीच्या ‘दा विंची’ यंत्राला दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेसाठी परवानगी दिली. यूलुन वांग याच्या कॉम्प्युटर मोशन कंपनीचे ‘झ्यूस’ हे त्याचे प्रतिस्पर्धी यंत्र होते. २००३ मध्ये दोन्ही कंपन्या एक झाल्या आणि दा विंचीची रचना हाच या क्षेत्राचा प्रघात ठरला.

दा विंचीच्या नेहमीच्या अवजाराची नळी ८ मिलिमीटर जाडीची असते. पहिल्या पिढ्यांत अवजाराच्या मागे चार चकत्या होत्या. एक नळी फिरवते, एक मनगट वाकवते आणि उरलेल्या दोन चिमट्याच्या दोन पात्यांना एकेक मिळतात. दोन्ही पाती एकाच दिशेने वळली तर मनगट बाजूला वळते. उलट दिशांनी वळली तर चिमटा उघडतो किंवा मिटतो. भुजेच्या तीन हालचाली धरून एकूण सात होतात. मोटर भुजेवर, निर्जंतुक आवरणाखाली राहतात. अवजारात मोटर नसल्यामुळे ते वाफेच्या दाबाखाली निर्जंतुक करता येते. तारेची निवड होण्यामागे बारीकपणाइतकेच हेही कारण होते.

अचूकतेचा प्रश्न इथून सुरू होतो. पहिली अडचण तारांच्या परस्परसंबंधाची. पात्यांकडे जाणाऱ्या तारा मनगटाच्या सांध्यावरूनच जातात, म्हणून मनगट वाकले की त्यांची लांबी बदलते आणि कोणी न सांगता पाती हलू पाहतात. विहिरीवरच्या मोटेला असाच प्रश्न होता. नाडा आणि सोंदूर हे दोन दोर एकच बैलजोडी ओढी, आणि मोट वर येईपर्यंत सोंड मिटलेली राहावी व थारोळ्यात उघडावी हे दोन्हींच्या लांबीच्या मेळावर ठरे. मोटेत तो मेळ एकदा बांधून ठेवत. रोबोत तो संगणक क्षणोक्षणी घालतो: मनगटाची चकती अमुक अंश फिरली तर पात्यांच्या चकत्या किती फिरवायच्या याचे गुणांक सारणीत दिलेले असतात आणि सेकंदाला हजार किंवा अधिक वेळा त्यानुसार मोटरना आज्ञा जाते. याच हिशेबात शल्यविशारदाची हालचाल लहान केली जाते, उदाहरणार्थ हात तीन सेंटिमीटर गेला तर टोक एक सेंटिमीटर. सेकंदाला ८ ते १२ वेळा होणारा हाताचा नैसर्गिक कंपही गाळता येतो.

दुसरी अडचण ताणाची. ०.१ चौरस मिलिमीटर छेदाची, अर्धा मीटर लांबीची पोलादी तार १० न्यूटनने, म्हणजे साधारण एक किलो वजनाने ओढली तर पाव मिलिमीटर वाढते. ही वाढ नगण्य वाटते. पण मनगटातील कप्पीची त्रिज्या अडीच मिलिमीटर असेल तर तेवढ्याने सांधा जवळजवळ सहा अंश चुकतो आणि सांध्यापासून एक सेंटिमीटरवरचे टोक एक मिलिमीटर सरकते. पेड वळलेली तार एकसंध तारेपेक्षाही जास्त ताणली जाते. टाउनसेंडची युक्ती इथे चालत नाही, कारण वेग कमी करणारी यंत्रणा ठेवायला ८ मिलिमीटरच्या नळीत सांध्यापाशी जागा नसते. म्हणून उपाय धातूत शोधला गेला. टंगस्टन पोलादाच्या सुमारे दुप्पट ताठ असते, त्यामुळे वळणाच्या भागात टंगस्टनच्या बारीक तारा वापरतात. नळीच्या सरळ भागात, जिथे वाकण्याची गरज नसते, तिथे ताठ पोलादी नळ्या जोडतात.

तिसरी अडचण घर्षणाची आणि ती सर्वांत चिवट आहे. मोटरवरचा एन्कोडर मोटर किती फिरली ते मोजतो. टोक कुठे आहे ते त्याला ठाऊक नसते. दिशा बदलली की घर्षण उलटते, तार आधी विरुद्ध बाजूने ताणली जाते आणि मगच टोक हलते. त्यामुळे मोटर त्याच कोनावर असतानाही टोक कुठे असेल हे ते कोणत्या बाजूने तिथे आले यावर ठरते. तारा सैल पडू नयेत म्हणून त्यांना आधीच ताण दिलेला असतो, पण तो वाढवला की घर्षण वाढते आणि कमी केला की ढिलाई येते. शस्त्रक्रियेत ही चूक फारशी खुपत नाही, कारण शल्यविशारद पडद्यावर टोक पाहत असतो आणि नकळत हात तेवढा अधिक नेतो. हिशेबातली उणीव माणसाचा डोळा भरून काढतो.

तारांना आयुष्यही मोजूनच मिळते. लहान कप्पीवरून वारंवार वाकल्याने बारीक तारा एकेक करून तुटतात आणि पेड पिंजू लागतो. आल्बर्टच्या दोराप्रमाणे नजरेने पाहून ठरवण्याऐवजी इथे अवजारातील चिप वापर मोजते. दा विंचीची पुष्कळशी अवजारे दीर्घकाळ दहा वापरांनंतर बाद होत. २०२० पासून काही अवजारांची मर्यादा १२ ते १८ वापरांपर्यंत वाढवली गेली.

घर्षणाची चूक भरून काढणारा शल्यविशारदाचा डोळा रोबो स्वतः काम करू लागला की मिळत नाही. म्हणून तारेच्या चुकीचा पद्धतशीर अभ्यास संशोधन संस्थांमध्ये झाला. सिॲटलच्या वॉशिंग्टन विद्यापीठात ब्लेक हॅनफर्ड आणि जेकब रोझेन यांनी ‘रेव्हन’ हा संशोधनासाठीचा रोबो विकसित केला. २०१२ च्या सुमारास त्याच्या दुसऱ्या आवृत्तीच्या प्रती अमेरिकेतील विद्यापीठांना मिळाल्या. त्याच काळात जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठ आणि वुस्टर पॉलिटेक्निक यांनी निवृत्त झालेल्या पहिल्या पिढीच्या दा विंची यंत्रांना नवे, खुले नियंत्रक बसवून ‘दा विंची रिसर्च किट’ तयार केले. या यंत्रांवर तारेचा ताण आणि घर्षण यांचे गणिती नमुने तपासले गेले. बर्कली येथील संशोधकांनी कॅमेऱ्याने टोकाची खरी जागा मोजून, मोटर काय सांगते आणि टोक कुठे असते यांतील फरक संगणकाला शिकवला. मागील हालचाली लक्षात ठेवणारी न्यूरल जाळी त्यासाठी उपयोगी ठरली, कारण तारेची चूकही मागील हालचालींवरच अवलंबून असते.

बाऊडेनची आवरणातली तार लवचीक रोबोंमध्ये आली. श्वासनलिकेतून फुप्फुसात खोल जाणाऱ्या नळीला कप्प्यांचा ठरीव मार्ग देता येत नाही. तिची वळणे प्रत्येक रुग्णात वेगळी असतात आणि घर्षण वळणांवर ठरत असल्याने आधी हिशेब मांडता येत नाही. २०१९ मध्ये अमेरिकेत परवानगी मिळालेल्या ‘आयन’ यंत्रात नळीच्या लांबीभर प्रकाशतंतू बसवलेला आहे. तो नळीचा आकार सतत मोजतो, म्हणून टोकाच्या जागेसाठी तारेच्या लांबीवर विसंबावे लागत नाही.

तारेचे दुसरे काम, स्पर्श परत आणण्याचे, दा विंचीत जवळजवळ चोवीस वर्षे सुटले होते. बारीक नळीतील घर्षण एवढे असते की ऊतीचा हलका विरोध मोटरपर्यंत पोचतच नाही. मोटरने मोजलेल्या जोरात तारेचा वाटा किती आणि ऊतीचा किती हे वेगळे करता येत नाही. शल्यविशारद धाग्याचा ताण डोळ्यांनी ओळखायला शिकले. मार्च २०२४ मध्ये अमेरिकेत परवानगी मिळालेल्या ‘दा विंची ५’ साठीच्या काही अवजारांत जोर मोजणारे संवेदक अवजारातच बसवले आहेत आणि तो जोर शल्यविशारदाच्या हातावर परत दिला जातो. गर्ट्झच्या जोडहातांत हालचाल आणि स्पर्श एकाच पोलादी तारेतून जात-येत होते. आजच्या अवजारात हालचाल तारेनेच जाते आणि स्पर्श विजेच्या संकेताने परततो.